पारव्याची बनू

सांगली,
मार्च १९६६

प्रिय मनू,

यातला नू दीर्घ की ऱ्हस्व, ते तुला विचारायचं राहूनच गेलं. अंदाजानं दीर्घ काढलाय. हातात लाल शाईचा पेन असेल तर आधी तो खाली ठेव, तुझ्या दुसरीच्या पोरांना पुरू दे. माझी शाळा नववीत सुटली, म्हणजे मीच सोडली, ती बिचारी कुठं जाणार होती! बापानं हौसेनं ज्ञानदेव नाव ठेवलं, आईनं त्याचा ज्ञानू केला, आणि त्यातलं ज्ञान मी गावोगाव सांडत फिरलो. तेव्हा चूक दिसली तर डोळे मिटून पुढं जा. पत्र लांबणार आहे. मला सरळ रस्त्यानं कुठं जाता येत नाही हे तुला ठाऊक आहे. साताऱ्याला निघालो तर औंधाची यमाई बघून, वाटेत कुणाच्या तरी मळ्यात हुरडा खाऊन, दुसऱ्याच कुणाचं तरी वासरू शोधून देऊन मग मी साताऱ्याला पोचतो. पण पोचतो, एवढं मात्र लक्षात ठेव.

तुला उत्तर द्यायला बसलोय. लोणंदच्या स्टेशनवर गाडी हलली होती, मी दारात दांडीला लटकलेला, एका हातात भज्यांचा पुडा, आणि तू शेजारून चालता चालता, पोरांना उद्याचा अभ्यास सांगावा तसं सांगितलंस, "पाडव्याला दादा रजेवर येतोय. पलटणीतल्या एका हवालदाराचं स्थळ त्यानं बघून ठेवलंय. तुला घरी येऊन विचारायचं असेल तर त्याआधी ये. पण माझी एक अट आहे, ती ओळखून ये." मी ओरडलो, "अगं मग सांग की!" तर म्हणालीस, "मी सांगितल्यावर हो म्हणशील तर ते उपकार होतील." फलाट संपला, तू थांबलीस. गाडी कुठली थांबतेय! वाठारपर्यंत मी भजी हातात धरून तसाच उभा. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "खानार न्हाईस का रं गड्या?" आणि मी काही बोलायच्या आत पुडा सोडून बसलासुद्धा.

कोरेगाव यायच्या आत माझा पहिला अंदाज बांधून झाला होता: तंबाखू. चंची काढली आणि खिडकीबाहेर भिरकावली. कराड येईपर्यंत पस्तावलो, पण परत घेतली नाही, अजूनही नाही. मग वाटलं, तंबाखूसारख्या गोष्टीसाठी मनू कोडं घालणार नाही. ती सरळ म्हणाली असती, तोंड धुऊन ये. दुसरा अंदाज, कायमची नोकरी. तिसरा, भटकणं बंद. हा तिसरा मनात आला आणि मला रात्रभर झोप आली नाही. कारण तंबाखू खिडकीतून टाकता येते, पाय कुठं टाकायचे?

आता मी लोणंदला कशाला आलो होतो ते. तुला धड सांगितलंच नाही, तुला बघितलं आणि विसरलो. मागच्या वर्षी तंबू टॉकीजबरोबर आलो होतो तेव्हा तू पोरांची रांग घेऊन आली होतीस, आणि रीळ उलटं लागून हनुमान खाली डोकं वर पाय उडाला तेव्हा उभी राहून मला जे झाडलंस, ते अख्ख्या तंबूनं ऐकलं. तो तंबू आता राहिला नाही, औंधच्या जत्रेत वावटळीनं फाटला. मालक कर्नाटकात गेला, मी सांगलीला. इथं खणभागात नाथाजींचा छापखाना आहे. नाथाजी म्हणजे साठीचा, जाड भिंगाचा, कायम शाईच्या बोटांनी नाक खाजवणारा माणूस. नाकाचा शेंडा काळाच झालाय. लग्नपत्रिका आणि जत्रेची हँडबिलं छापून पोट भरतात, पण डोक्यात एकच वेड: कवी पारवा. या माणसाच्या कविता परत छापायच्या आणि पुढं त्याचं चरित्र जोडायचं. त्यासाठी त्यांना गावोगाव फिरून आठवणी गोळा करणारा कुणीतरी पाहिजे होता. मला म्हणाले, "शिकलेला मानूस धाडला की लोक त्याच्याशी शुद्ध बोलायला लागत्यात आणि खोटं बोलत्यात. तू जा." मला त्यात मान वाटावा की अपमान, अजून ठरलेलं नाही. सायकल मात्र चांगली दिली.

पारवा कवी तुला माहीत नसेल. तुमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकांत त्याला कोण घेईल! खरं नाव लालासाहेब. औंधाकडच्या एका गावच्या पाटलाचा एकुलता मुलगा. पुण्याला शिकून आला, गावच्या शाळेत मास्तर झाला, आणि मानेपर्यंत केस, मनगटाला मोगऱ्याचा गजरा अशा थाटात वर्गात जायचा. ही तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेवढ्यानंच लोक बोलायला लागले होते, तशात त्यानं पुस्तक काढलं, 'ओल्या केसांचं पाणी'. टोपणनाव पारवा. पारवा घरात शिरला की घर ओस पडतं म्हणतात ना, तर लोक म्हणाले, नाव तरी खरं लावलं. पुस्तकातली एकूण एक कविता एकाच बाईला, बनूला. बनूचे केस, बनूचे पैंजण, भर दुपारी विहिरीच्या थारोळ्यात भिजलेली बनू, तिचं हसणं, रुसणं आणि बरंच काही, जे मी तुला आत्ता लिहीत नाही कारण हे पत्र तू शाळेत पोरांसमोर फोडशील. एवढं मात्र लिहितो, कारण या चार ओळी सातारा-सांगलीत म्हाताऱ्यांना अजून पाठ आहेत:

बने, तुझ्या केसांमधले पाणी
ओंजळीत धरता जग म्हणाले, चोर!
चोर खरा मी, चोरी अपुल्या घरची,
दार लावुनी कोण धरावा चोर?

आता तू म्हणशील, यात काय एवढं? पण त्या काळी ज्वालामुखीच फुटला म्हण. पाटलाची सून घरात, सगुणा नावाची, पदर डोक्यावरून कधी ढळला नाही अशी, आणि हा कुणा बनूच्या केसांतलं पाणी पितोय! शाळेनं काढलं. शिमग्याला होळीत त्याची पुस्तकं टाकली आणि त्याच्या नावानं बोंब मारली. नाथाजी तेव्हा तिथं पाहुणे म्हणून गेलेले, त्यांनी काठीनं एक प्रत बाहेर ओढली. ती आजही त्यांच्या गल्ल्यावर आहे, पानांच्या कडा करपलेल्या. गंमत अशी, की ज्या पोरांनी पुस्तकं टाकली तीच दुसऱ्या दिवशी धुळवडीला रंग खेळताना त्या कविता चालीवर म्हणत होती. पाटलानं मुलाला सांगितलं, माझ्या दारात नको, कडेगावकडं आपलं रान पडून हाय, तिकडं जाऊन काय करायचं ते कर. तो गेला, मुकाट सगुणाबाई त्याच्या मागनं गेल्या. पुढं त्याचं दुसरं पुस्तक आलं नाही. आठेक वर्षांमागं तापानं गेला. पण बनू कोण, हे त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

नाथाजी म्हणाले, "ज्ञानू, बनू तेवढी शोध. बनू मिळाली की पुस्तक हातोहात जाईल. लोकांना कविता नको असती रं, बाई पायजे असती."

तर मी बनू शोधत लोणंदला आलो. ऐकीव माहिती अशी की ती तमाशातली. कांद्याच्या बाजाराशेजारी पारूबाईचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे ना, ती पारूबाई एके काळी फडात नाचायची. तिला विचारलं, तर झारा कढईत तसाच ठेवून, कमरेवर हात देऊन म्हणाली, "शोदतोस कशाला? तुझ्या म्होरं उभी हाय. मीच बनू." मनू, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बाकड्यावर बसलो, भजी खाल्ली, पुन्हा खाल्ली, आणि ती सांगत होती, लालासाहेब पांढऱ्या घोड्यावरून कसे यायचे, तंबूच्या मागं कसे उभे राहायचे, हिच्या केसांत पाणी कसं असायचं. तेवढ्यात कपबशा विसळणारी जाईबाई खुदकन हसली. "आवं आक्का, तवा तुमचा फड सांगोल्याकडं हुता की. आन् लालासायबाला घोड्याचं लय भ्या वाटायचं म्हनं." मला वाटलं आता भांडण पेटणार. पण पारूबाई पण हसली. झारा उचलला, भजी उलटी केली, आणि म्हणाली, "आरं, माझ्यावर शिट्ट्या लय पडल्या, पैसं पडलं, फेटं पडलं. गानं कुनी केलं न्हाई. मग हे रिकामं दिसलं, घेतलं. कुनाचं काय गेलं?" तिनं पुडा बांधून दिला आणि एक पैसा घेतला नाही. तोच पुडा म्हाताऱ्यानं खाल्ला.

त्याच दिवशी तुमच्या शाळेतल्या आक्काताईंचं लग्न होतं आणि तू मला हाताला धरून मांडवात नेलंस. ते लग्न आठवतं? मला जिलेबी आठवते. आपण पंगतीत बसलो होतो आणि पलीकडं सूनमुखाची का कसली गडबड चाललेली. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यावर काहीतरी काढलं, बायका वाकून वाकून बघायला लागल्या, आणि कुणीतरी ओरडलं, "वैशाली! वैशाली ठेवलं!" सगळ्यांनी तोंडं गोड केली. तू पानातली अख्खी जिलेबी तशीच ठेवलीस आणि उठून बाहेर बैलगाड्यांपाशी जाऊन उभी राहिलीस. मी मागनं आलो आणि विचारलं, जिलेबी शिळी होती का? तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं त्या उलट्या हनुमानाकडं बघितलं होतंस. पण ताजी होती, मी तुझीपण खाल्ली.

असो. पुन्हा वाट सोडली. कडेगावला गेलो ते ऊस गाळायचे दिवस. दोन कोसांवरून गुळाचा वास येतो, सायकल आपोआप तिकडं वळते. सगुणाबाईंचं घर कुठं म्हणून ज्याला विचारलं त्यानं आधी सुस्कारा टाकला. चावडीवर आप्पासो म्हणून एक म्हातारे होते, ते म्हणाले, "लय सोसलं बाईनं. नवरा जन्मभर दुसरीची गानी गात बसला, पन हिनं कदी ब्र काढला न्हाई. सती हो सती." तेव्हा मी पण चेहरा लांब करून, अगदी मयताला जातात तसा त्यांच्या दारात गेलो. आणि बघतो तर ही एक ठसठशीत म्हातारी, गोरी, गालाला खळी पडणारी, लिंबाखाली बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि एक शेंग सुपात तर एक तोंडात असा तिचा कारभार चाललेला. मी म्हटलं, "मावशी, राग मानू नका, जुनी जखम उकरायला आलोय." ती म्हणाली, "उकर की. शेंगा खातोस का आदी?"

मग मी अडखळत बनूचं नाव काढलं. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणते, "लय देखनी हुती म्हनं." मी म्हटलं, तुम्ही बघितली होती? "न बघून सांगती कुनाला? रोज बघायची." मनू, एका घरात दोघी! म्हटलं, मग तुम्हाला कसं वाटायचं? तर दाणा दाढेखाली फोडत म्हणाली, "काय वाटायचं? तिला वाटंल त्ये मला वाटायचं." मला वाटलं केवढं हे मन! मी जवळजवळ पाया पडणार होतो, तेवढ्यात कुंपणाबाहेर एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत बसलेला म्हातारा, डोक्याला मोठा रुमाल, जतच्या पलीकडचा असणार, बोलण्यात कानडी हेल. कानानं बहिरा असावा, कारण चार शेतांपलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला, "बनेऽ! ए बने! बैलांस्नी पानी दाव गं!"

सूप तिच्या मांडीवरनं घसरलं, शेंगा माझ्या पायांपर्यंत आल्या. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आणि मग ती जी हसायला लागली, पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर येतंय, डोळ्यांतनं पाणी येतंय, आणि तो म्हातारा, तिचा थोरला भाऊ धोंडिराम, गाडीतनं उतरता उतरता विचारतोय, "काय झालं? मी काय केलं?"

ऐक, तिनं कसं सांगितलं ते. लग्न झालं तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची. माहेर लांब, बापानं ठेवलेलं नाव बनू. लग्नात ताटातल्या तांदळावर सासूनं ठरवलेलं सगुणा असं लिहिलं, आणि त्या दिवसापासून सासरी सगुणा. जुनं नाव पुसलं गेलं आणि कुणी एकदासुद्धा विचारलं नाही. सासू दोन वर्षांत वारली. सासऱ्याला सुनेचं नवं नावच नीट माहीत नव्हतं, जुनं कुठलं! पण लग्नाच्या रात्री लालासाहेबांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की तुझ्या घरी तुला काय म्हणून हाक मारतात? "मी सांगितलं, बनू. तवापास्नं दार लागलं की मी बनू." म्हणून मग पुस्तकात बनू. गाव सगळं पेटून उठलं, शोधायला लागलं, कुणी म्हणालं नाचणारी, कुणी म्हणालं मिरजेची गाणारी, आणि जी बाई शोधत होते ती त्यांच्याच पाणवठ्यावर घागर भरत होती. गावात एकालाही आठवू नये, की ही पोर आली तेव्हा तिला दुसरं एक नाव होतं! तिच्या माहेरची माणसं अडाणी, लांबची, त्यांना पुस्तकाचा पत्ताच नाही.

मी म्हटलं, अहो पण मग सांगायचं ना! नोकरी गेली, घर सुटलं! तर म्हणाली, "त्ये निगालंच हुतं चावडीवर सांगाया. म्या धोतर धरून मागं वडलं. म्हटलं, बाई ठिवली म्हनत्यात तर म्हनू द्या, पाटलाच्या पोराला त्ये शोबतं. बायकूवर गानी करतो म्हनलं तर बाईलवेडा म्हनतील, आन् मला पानवठ्यावर जानं मुश्कील करतील." लोकांच्या दयेचा मात्र तिनं खूप उपभोग घेतला. शेजारणी दही आणून द्यायच्या, नवरा वळणावर यावा म्हणून देवऋष्याकडनं ताईत आणायच्या. ती मुकाट बांधून घ्यायची. "दंडावर जागा ऱ्हायली न्हवती. त्ये कविता म्हनाया बसलं की माझं ताईत वाजायचं, मग दोगंबी हसायचो." दुसरं पुस्तक का नाही काढलं विचारलं, तर म्हणे, "काडायचं कशाला? मला पाठ हायत की." आणि मग उसाला पाणी पाजतानाची, गुळाच्या चुलाणाला जाळ घालतानाची, बकरी हरवली तेव्हाची अशी गाणी म्हणून दाखवली. धोंडिराम ऐकू येत नसतानाही मान डोलवत होता. शेवटी ती म्हणाली, "गेलं तवा लय रडले. पन उपाशी न्हवते पोरा. भरल्या पोटानं मागं ऱ्हायले." आणि माझ्या वहीत उतरवलेल्या त्या चार ओळींवर बोट ठेवलं. "ह्ये बघ. चोरी अपुल्या घरची. लिवून ठिवलं हुतं की उगडं. समद्यांनी पैल्या दोन वळी वाचल्या आन् काड्यापेट्या शोदाया पळाली."

मी तिला माझी भीती पण विचारली. म्हटलं, मावशी, सारखा भटकणारा माणूस संसाराला चालतो का? ती म्हणाली, "आमचं कुटं बसत हुतं? आज औंद, उद्या कराड, कुनाचा शिमगा, कुनाची जत्रा. पारवा दिसभर दान्याला फिरतोच. सांजंला त्याच वळचनीला आला म्हंजी झालं." तेव्हापासून मला झोप लागायला लागली.

छापू का, विचारलं. म्हणाली, "छाप. हसनारी समदी मेली, आता भ्यायचं कुनाला?"

सांगलीला येऊन नाथाजींना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "बायकू? सोताची?" डोकं धरून बसले. "मेलो रं. आता पुस्तक कोन घेनार?" मशीन बंद केलं, चहा मागवला, चहा गार झाला. मग त्यांनी ती करपलेली प्रत उघडली आणि पहिल्यापासून वाचायला लागले, ओठ हलवत. मी बघतोय, त्यांचा चेहरा हळूहळू उजळतोय, आणि एकदम टेबलावर थाप मारून म्हणाले, "आरं ज्ञानू, ह्यो तर त्याच्याहून मोठा घोटाळा! लग्नाच्या बायकूवर! भर दुपारी! जनमभर! हे लोकांस्नी अजाबात खपनार न्हाई!" त्याच दिवशी त्यांनी अक्षरांचे खिळे जुळवायला घेतले. मी हे लिहितोय ते कागदाच्या रिमावर बसून, शेजारी मशीन धडधडतंय, पहिला फॉर्मा वाळत पडलाय. पानाला नाक लावलं तर शाईचा वास येतो, मला मात्र काकवीचा येतो.

चरित्राच्या सुरुवातीला दोघांचा फोटो घालायचाय. एकच फोटो आहे, त्याचे केस लांब आणि तिचा पदर नाकापर्यंत. खाली नाव काय घालायचं, म्हणून नाथाजींनी मला परवा पुन्हा कडेगावला पिटाळलं. त्यांनी कागदावर लिहूनच दिलं होतं, 'श्रीमती सगुणाबाई'. मी वाचून दाखवलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. "नुसतं बनू लिव." मी म्हटलं, मावशी, इथल्या लोकांना तुम्ही सगुणाबाई म्हणून ठाऊक आहात. तिनं हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "सगुना तांदळावर लिवलं हुतं. त्ये तांदूळ दुसऱ्या दिशी शिजवून खाल्लं समद्यांनी. नाव तेवडं माझ्या अंगावर ऱ्हायलं. वाईट न्हवतं, नांदले म्या त्यात. पन माझं न्हवतं त्ये."

मनू, मी सायकल घेऊन निघालो आणि कडेगावच्या वेशीपाशी थांबलो. पुढं जाताच येईना. मला ते तांदळाचं ताट दिसायला लागलं, आणि बैलगाड्यांपाशी उभी राहिलेली तू. मग एकेक दिसत गेलं. तुझ्या छत्रीवर शिवलेलं मनू, डब्यावर कोरलेलं मनू, शाळेतल्या खुर्चीच्या पाठीवर खडूनं काढलेलं, पोरांनी पुसलं की पुन्हा काढलेलं. तुझी थोरली बहीण माहेरी आल्यावर हाक मारली तर वळून बघत नाही, असं तू एकदा सांगितलं होतंस, आणि मी म्हटलं होतं, कान तपासून घे म्हणावं तिला. मी किती गाढव आहे, आणि तू किती दिवस हे गाढव बघत गप्प बसलीस!

तर मी पाडव्याच्या आधी येतोय. हिंदुरावदादा आले असतील तर त्यांच्यासमोर बसेन, नसतील तर तुझ्या वडिलांसमोर. काय करतोस विचारलं तर सांगेन, सांगलीला नाथाजींच्या छापखान्यात आहे, पुस्तकं सायकलीला बांधून गावोगाव विकतो आणि सांजेला वळचणीला येतो. हवालदारासारखी माझ्या दंडावर फीत नाही, एवढं ते बघतीलच. बाकीचं सगळं रीतीनं होऊ दे, मला रीतीचं काही वावडं नाही. मांडव घाला, जिलेबी करा, ताटात तांदूळ पसरा, माझ्या हातात अंगठी द्या, आणि सगळ्या बायांना वाकून बघू दे नवं नाव काय ठेवलं. मी तिथं दोनच अक्षरं काढणार आहे, आणि ती त्यांना आधीपासून ठाऊक आहेत. तुझी अट हीच असेल तर उलट टपालानं एवढंच कळव, नू दीर्घ काढू की ऱ्हस्व. बाकी चुका मी जन्मभर करीन आणि तू लाल शाईनं काढशील, पण त्या ताटात चूक नको.

तुझाच, आणि तू म्हणशील त्या वळचणीचा,
ज्ञानू